शरदातला एक ग्लास

मंडळी, आधीच सांगून टाकतो. मी बिअर प्यायलो. सेवाग्रामचा निवृत्त मास्तर, वय त्र्याहत्तर... धाकट्या बहिणीला हे इथूनच कळणार, म्हणून तिच्या फोनची वाट पाहतो आहे!

झालं असं, ऑक्टोबरात मुलीकडे पुण्याला गेलो होतो. जावई म्हणाले, "बाबा, चला, जिथल्या तिथे बिअर तयार करतात ते दाखवतो." पुण्यात डूलॅली ही अशी मायक्रोब्रुअरी 2009 सालीच निघाली, आम्ही गेलो ते ठिकाण दुसरं. राज्यात प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो. मास्तरकीची खोड, मी आधी तोच मागितला. जावई हसले.

ग्लास आला तांबूस, मधासारखा. नाव मेर्त्सन. वास थेट तव्यावरच्या भाकरीचा, जरा करपलेल्या पापुद्र्याचा. पहिल्या घोटाला किंचित गोड, मग मागून हलका कडवटपणा. आपण नाचणीला मोड आणून वाळवतो, तसं हे लोक जवाला मोड आणून वाळवतात आणि भाजतात. तो त्या भाजणीचा वास. कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. खोटं कशाला बोलू, मला आवडली. अर्धा तास पुरवली.

पण मजा पुढेच आहे. मेर्त्सन म्हणजे मार्चमधली. बव्हेरियात 1553 साली राजाज्ञा निघाली, की 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर गाळायची नाही. उन्हाळ्यात ती नासायची. मग लोकांनी मार्चमध्येच जरा कडक बिअर करून बर्फ भरलेल्या थंड तळघरांत ठेवली. महिनोन्‌महिने मुरून ती शरदात निघायची. तीच पुढे म्युनिकच्या ऑक्टोबरातल्या जत्रेची बिअर झाली. म्हणजे मी जे चवीने पीत होतो ते एका बंदीचंच अपत्य!

आणि मी कुठून गेलो होतो? गांधीजी 1936 साली ज्या शेगावात राहायला आले आणि 1940 मध्ये ज्याचं नाव सेवाग्राम झालं, तिथून. रचनात्मक कार्यक्रमात त्यांनी दारूबंदी अगदी वरच्या क्रमांकावर ठेवली. आमचा वर्धा जिल्हा पन्नासएक वर्षं कोरडा आहे. कागदावर. मोहाची दारू कुठे मिळते हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असायचं. बव्हेरियाच्या बंदीने तळघरं दिली, आमच्या बंदीने नाल्याकाठच्या भट्ट्या.

म्हणून जावई म्हणाले, "मग उठवा ना ही बंदी." चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 साली उठलीच की. मला हे पटत नाही. सांगतो का ते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाजाराच्या दिवशी त्याची आई शाळा सुटायच्या वेळी यायची आणि म्हणायची, "गुरुजी, याला आज तुमच्याकडं झोपू द्या." कारण मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. एकदा मात्र ती चार बायका घेऊन ठाण्यावर गेली आणि भट्टी फोडून आली. भट्टी पुन्हा लागली, हे खरं. पण कायदा तिच्या बाजूचा होता. दुकानावर सरकारी परवान्याची पाटी असती तर ती तक्रार कुठे करणार होती?

माझ्या ग्लासाची किंमत आमच्याकडे निंदणाऱ्या बाईच्या दिवसाच्या मजुरीहून जास्त होती. मला गाडीत बसून पुण्याला जाता येतं, परवाना फाडता येतो, अर्धा तास चव घेता येते. हा दुटप्पीपणा आहे, आणि माझाच आहे, कबूल. तरी वर्ध्याची बंदी राहू द्या, तिची अंमलबजावणी तेवढी नीट करा, असंच मी म्हणेन. आणि पुढच्या शरदात पुण्याला गेलो तर तो ग्लास पुन्हा मागवेन.

जावयांनी फोटो काढला आहे. तो मात्र इथे टाकत नाही.