पासवर्ड माझा, डोळे दुसऱ्याचे

यंदाच्या ८ मार्चला आपल्याच गटाचं पत्रक माझ्या मोबाइलवर आलं. मी फोन कानाशी धरला. स्क्रीन रीडर म्हणाला, “फोटो.” पुढे काही नाही. पत्रक समतेबद्दल होतं, हे संध्याकाळी भाच्याने वाचून दाखवल्यावर मला कळलं.

मी अंध आहे. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर. संगणकावर एनव्हीडीए विनामूल्य मिळतं आणि ते मराठीही वाचतं. त्याच्याच जोरावर मी नोकरी करते, वर्तमानपत्र वाचते. पण पानच नीट बांधलेलं नसेल तर त्याचाही इलाज चालत नाही.

अशा वेळी काय होतं? बँकेच्या पानावर कानाला नुसतं “बटण, बटण, बटण” ऐकू येतं, कारण कुठल्याच बटणाला नाव दिलेलं नसतं. मग चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला सांगतात. शेवटी मी भावाला हाक मारते. माझी शिल्लक, माझा पासवर्ड, माझा ओटीपी, सगळं त्याला ठाऊक आहे. भाऊ चांगला आहे. पण बाईचा हक्क घरातल्या पुरुषाच्या चांगुलपणावर सोडायचा नाही, हे आपण चळवळीतच शिकलो ना? उद्या एखाद्या अंध बाईला नवरा मारत असेल आणि मदत कुठे मिळेल ते शोधायचं असेल, तर ते पान तिला कोण वाचून दाखवणार? नवरा?

म्हणून हा प्रश्न ‘तंत्रज्ञांचा’ म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या अपंग स्त्रियांची संख्या सुमारे १ कोटी १८ लाख नोंदली गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हा लढा ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांनी उभा केला होता. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटवून दाखवा, अशी अट होती. ज्यांच्या पापण्याच ॲसिडने जळाल्या, त्यांनी काय मिटवायचं? त्यांच्यासोबत एका अंध वकिलाचीही याचिका होती. न्यायालयाने त्यावर २० निर्देश दिले.

निर्देश सरकारला आणि बँकांना आहेत. पण आपलं काय? आपल्या संस्थांची पानं उघडून बघा. पत्रकं चित्र म्हणून चढवलेली, जुने अंक नुसते स्कॅन केलेले. काही मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या फॉण्टमध्ये असतो. तो डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच चिन्हं असतात, आणि माझ्या कानात निव्वळ बडबड येते.

हे निस्तरायला फार पैसा लागत नाही. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं १९९९ सालीच आली आहेत. त्यातलं साधं सार असं: मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. पानाची भाषा मराठी आहे, हे त्याच्या कोडमध्ये नोंदवा. चित्रामागे त्याचं वर्णन लिहा. मथळे नुसते ठळक करू नका, मथळा म्हणूनच नोंदवा, म्हणजे मला हव्या त्या भागावर थेट जाता येतं. अर्जातल्या प्रत्येक रकान्याला आणि बटणाला नाव द्या. सगळं पान माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर चाललं पाहिजे. हात थरथरणाऱ्या बाईलाही त्याचा उपयोग आहे. भाषणाच्या व्हिडिओखाली शब्द द्या, म्हणजे बहिऱ्या मैत्रिणीही सभेत येतील. फिकट गुलाबीवर पांढरी अक्षरं नकोत, कमी दिसणाऱ्यांना ती वाचता येत नाहीत.

आणि पान तयार झालं की आमच्यापैकी कुणाला तरी बोलवा, तपासून घ्या, त्या कामाचा मोबदला द्या. बायांच्या फुकट श्रमांवर आपण इतकं बोलतो, तेव्हा हे वेगळं सांगायला नको.

मैत्रिणींनो, मला वाचून दाखवणारी माणसं आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढच्या ८ मार्चचं पत्रक मला स्वतः वाचायचं आहे, तुमच्याबरोबर, त्याच सकाळी.