बियाण्याची पिशवी फेकू नका

मृगाचा पाऊस नीट पडला की जालना जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीत पेरणीची झुंबड उडते. वापसा आहे तोवर सोयाबीन, कापूस, तूर मातीत पडली पाहिजे. म्हणून आजूबाजूच्या गावांतले शेतकरी सकाळीच कृषी सेवा केंद्रापुढे उभे असतात. बिल होतं, चिठ्ठी मागच्या गोदामात जाते आणि सगळं तिथं अडतं. मग दुकानदार ओरडतो, "पळा रे पोरांनो!" माझं दुकान याच गावात आहे. माझं ठाम मत आहे की माल लवकर निघतो तो गोदाम नीट लावल्यानं, पोरं पळवून नाही.

पळापळीत सर्वांत मोठा घात सोयाबीनचा होतो. या बियाण्याचं साल फार पातळ आणि अंकुर लगेच त्याच्याखाली. उंच थप्पीवरून पिशवी धपकन खाली टाकली की दाणा बाहेरून धड दिसतो, पण उगवत नाही. थप्पी फार उंच नेऊ नका, असं कृषी विभाग सांगतो. तरी घाईत ती छताला टेकते, आणि हवा तो लॉट नेमका तळाशी सापडतो. पुढं उगवण कमी झाली की कंपनीला बोल लागतो, पावसाला लागतो. गोदामात बसलेला तो हिसका कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. दुबार पेरणीचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या अंगावर पडतो.

औषधांचं तर आणखी अवघड. एकसारख्या बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि पोरानं रंग पाहून उचलली, तर कीटकनाशकाच्या जागी तणनाशक जायला कितीसा वेळ? टू-फोर-डी हे तणनाशक चुकून कपाशीवर गेलं तर उभं पीक वाकडं होतं. म्हणून आम्ही तणनाशकं वेगळ्या भिंतीला लावली, आणि बाटली देताना पोरगं नाव मोठ्यानं वाचतं.

माल काढण्यातला बराचसा वेळ चालण्यात आणि शोधण्यात जातो. भिवंडीच्या अवाढव्य गोदामात हे खरं आहे, तसंच आमच्या पत्र्याच्या शेडमध्येही. जूनमध्ये सर्वांत जास्त खपणारं बियाणं दाराजवळ हवं. ४५ किलोची युरियाची गोणी गाडी मागं लागते त्या बाजूला आणि कपाशीची ४७५ ग्रॅमची पाकिटं हाताच्या उंचीवर. प्रत्येक रांगेला खडूनं नंबर टाकला की नवा गडीही विचारत बसत नाही. एकेका चिठ्ठीसाठी आत पळण्यापेक्षा तीन-चार चिठ्ठ्यांचा माल एका फेरीत काढावा, मात्र देताना प्रत्येकाचा लॉट नंबर बिलाशी ताडून. खताच्या पॉस मशीनवर अंगठा जुळायला वेळ लागतो. तेवढ्यात आतून बाकीचा माल निघू शकतो.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी उभी केली तेव्हापासून जालन्याचं नाव देशभर बियाण्यासाठी घेतलं जातं. त्याच जिल्ह्यात बियाण्याची शेवटची हेळसांड दुकानाच्या मागच्या खोलीत व्हावी, याचा मला मनापासून राग येतो.

खरिपाआधी विक्रेत्यांच्या बैठका होतात. परवाने, साठा, भाव यांवर चर्चा होते. माझी कृषी विभागाकडे मागणी आहे की त्यातली एक बैठक मे महिन्यात एखाद्या गोदामात घ्यावी, आणि माल काढणाऱ्या पोरांनाही तिथं बोलवावं. कोणती थप्पी हलवायची, हे त्यांनाच आधी विचारावं.