आत्मविश्वासाची कार्यशाळा आणि थकलेली शिष्यवृत्ती

कॉलेजांत सध्या ‘व्यक्तिमत्त्व विकास’ आणि ‘सकारात्मक विचार’ यांच्या कार्यशाळांचा सुकाळ आहे. कोट-टाय घातलेला वक्ता येतो, मुलांना डोळे मिटायला लावतो, ‘मी करू शकतो’ असे तीनदा म्हणायला लावतो आणि मानधनाचे पाकीट घेऊन जातो. त्याच सभागृहाशेजारी कॉलेजचे कार्यालय असते. तिथल्या खिडकीवर एक मुलगी उभी असते. शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नाही, म्हणून आधी फी भर, नाहीतर हॉल तिकीट विसर, असे तिला सुनावले जाते. वर चारचौघांत ‘स्कॉलरशिपवाले बाजूला थांबा’ अशी हाक येते. माझा प्रश्न साधा आहे. या मुलीचा आत्मविश्वास तिच्या डोक्यातून हरवला की त्या खिडकीवर काढून घेतला गेला?

आपल्या मुलांना ‘न्यूनगंड आहे’ असे प्राध्यापक मंडळी फार सहज म्हणतात. जणू तो वावभर जमिनीसारखा वडिलोपार्जित आहे! हा गंड येतो कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. शिपाई आला तरच त्याला पाणी मिळे, शिपाई नसेल तर तहान. पुढे कोलंबिया विद्यापीठात शिकून हाच मुलगा १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आता सांगा, बाबासाहेबांकडे आत्मविश्वास कमी होता का? शिक्षण, बुद्धी, इच्छाशक्ती यांत काही उणे होते का? तरीही अपमान झाला, कारण अपमानाचे कारण त्यांच्यात नव्हतेच.

म्हणूनच त्यांनी मुलांना आरशासमोर उभे केले नाही. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर हजारो माणसांना सोबत घेऊन पाणी प्यायले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज, जे पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. जिथे आपला पोरगा वर्गात मान खाली घालून बसणार नाही अशी जागा आधी उभी करायची, हे त्यांचे मानसशास्त्र होते.

अमेरिकेतही हेच दिसले. १९४०च्या दशकात केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. १९५४च्या ब्राउन खटल्यात हे संशोधन न्यायालयापुढे होते. वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनात कनिष्ठपणाची भावना रुजते, हे न्यायालयाने मान्य केले आणि वेगळ्या शाळाच घटनाबाह्य ठरवल्या. मुलांना शिबिराला पाठवा असे म्हटले नाही.

आपल्याकडे उलटे चालते. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ मध्ये अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर कसे ढकलले गेले, हे नोंदवले. रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोन्‌महिने अडली, वसतिगृहातून काढले गेले, आणि १७ जानेवारी २०१६ला तो गेला. २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे, प्रकरण न्यायालयात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी गेला. संस्थेच्या समितीने थेट जातिभेदाचा पुरावा नसल्याचे सांगून अभ्यासातल्या घसरणीकडे बोट दाखवले. घसरण! ज्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘तुझा रँक किती’ विचारून त्याची जात मोजली जाते, ज्याच्याशी प्रोजेक्टला जोडी लावायला कुणी तयार नसते, त्याचे गुण घसरले तर ती घसरण आकाशातून पडली का?

इथे आपल्यातले काही मित्र म्हणतात, मग समुपदेशन हे सगळे थोतांड आहे, खरा उपाय संघर्षच. हे मला मान्य नाही. ढकलणारा दुसरा असला तरी मोडलेल्या हाडाला प्लास्टर लागतेच. झोप उडालेली, जेवण तुटलेले, खोलीचे दार बंद करून बसलेले पोर मोर्चात नेल्याने बरे होत नाही. त्याला डॉक्टर लागतो, गरज पडली तर गोळ्याही लागतात. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा उपचाराचा हक्क देतो आणि त्यात जातीवरून भेदभाव नको असे स्पष्ट म्हणतो. हा हक्क इतर हक्कांसारखाच मागायला हवा. फक्त समुपदेशकाला जात म्हणजे काय हे कळायला हवे. ‘मनावर घेऊ नकोस’ एवढेच सांगणारा समुपदेशक नसला तरी चालेल.

आणि चळवळीलाही एक गोष्ट विचारायची आहे. ‘तू भीमाचा वाघ आहेस, रडतोस काय?’ हे आपण किती पोरांना म्हटले? घराण्यातला पहिला इंजिनिअर म्हणून प्रवेश मिळाल्यादिवशी आपण वस्तीत फ्लेक्स लावतो. दुसऱ्या सेमिस्टरला दोन विषय राहिले की तेच पोर सुट्टीत घरी यायला कचरते. नापास होणे त्याला एका विषयात नापास होणे वाटत नाही, सगळ्या समाजाशी गद्दारी वाटते. सवर्ण घरातल्या मुलाला एक वर्ष वाया घालवण्याची जी चैन असते, ती आपण आपल्या मुलांना कधी दिलीच नाही. रमाई गेल्या तेव्हा, १९३५ साली, बाबासाहेब शोकाने कोसळले होते. ज्यांच्या नावाने आपण पोरांचे अश्रू अडवतो, त्यांनी स्वतःचे अश्रू अडवले नव्हते.

मागण्या जुन्याच आहेत. शिष्यवृत्ती आणि स्वाधारचे पैसे वर्ष संपल्यावर नव्हे, वर्ष सुरू होताना हवेत. यूजीसीच्या २०१२च्या नियमावलीने प्रत्येक संस्थेला समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. तुमच्या कॉलेजात त्या अधिकाऱ्याचे नाव कुठल्या फलकावर आहे, हे उद्या जाऊन बघा. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आणि मानसिक आरोग्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच्या कामावर विद्यार्थी संघटनांनी लक्ष ठेवायला हवे.

पण एक काम सरकारच्या जीआरची वाट न पाहता होऊ शकते. १४ एप्रिलच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवला, तर तालुक्याच्या एखाद्या बुद्धविहारात दर रविवारी, वंदनेनंतर दोन तास, जाणकार समुपदेशक बसवता येतो. तोपर्यंत विहाराच्या फलकावर केंद्र सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. तिथे चोवीस तास बोलता येते, मराठीतही.