वाण सोसेल हो, जमिनीचं काय?

"खाऱ्या पाण्यावरही गहू होतो" हे वाक्य हल्ली कुणीही कुठेही फेकतं आणि माझं डोकं फिरतं. वाक्य खोटं असतं तर सोपं होतं. ते अर्धं खरं आहे, हीच पंचाईत!

खरा अर्धा भाग आधी मान्य करतो. जव सगळ्यांत चिवट. ज्वारी आणि गहूही बऱ्यापैकी सोसतात. भात हळवा आणि मका त्याहून हळवा. राजस्थानातला 'खारचिया' गहू तर खाऱ्या जमिनीतच तगून राहिलेला. कर्नालला १९६९ साली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था निघाली, तिथे याच खारचियाच्या संकरातून 'केआरएल १-४' हे वाण तयार झालं. उत्तम काम आहे, वादच नाही.

आता जरा हिशोब करू. पाण्याची क्षारता ३ डेसीसायमन असेल, तर लिटरमागे जवळपास २ ग्रॅम क्षार. एकरभर गव्हाला ६ सेंटिमीटरचं एक पाणी दिलं, की साडेचार क्विंटलच्या वर क्षार शेतात पडले. अशी चार पाणी दिली की झाले अठरा क्विंटल! तेवढा गहू तरी निघतो का हो एकरी?

पीक हे क्षार फारसे उचलत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत पावसाळा ते मुळांच्या खाली धुऊन नेतो, म्हणून तिथे हा मामला जमतो.

आणि आपला पूर्णेचा खारपाणपट्टा? अमरावती, अकोला, बुलढाण्यातली ती खोल, चिकण काळी माती, मुळातच निचरा मंद. त्यात सोडियम जास्त असलेलं विहिरीचं पाणी सोडलं, की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, जमीन चोपण होते. मग पावसाचं गोडं पाणीसुद्धा आत शिरत नाही, म्हणजे धुणारा पाऊसच बाद. अशा जमिनीत वाण कितीही सोशिक आणा, काय उपयोग?

"मग काय जन्मभर कोरडवाहूच करायचं?" असं आमच्या नात्यातले लोक लगेच विचारतील. नाही हो. आधी पाणी आणि माती दोन्ही तपासा. नुसती क्षारता बघू नका, सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी प्रमाणही बघा. शेततळ्याचं गोडं पाणी असेल तर ते उगवणीसाठी राखा, कारण रोप कोवळं असताना खारं पाणी जास्त बाधतं. माती-पाण्याचा अहवाल परवानगी देत असेल तरच पुढची पाणी खारी. सोडियम जास्त असेल तर जिप्सम आणि निचऱ्याची सोय यांना पर्याय नाही. आणि इतकं करूनही अहवाल 'नको' म्हणत असेल तर मुकाट्याने विहीर बंद ठेवून पावसाच्या ओलीवर हरभरा घ्या. त्यात कसलाही कमीपणा नाही.

माझं भांडण त्या संशोधकांशी नाहीच. बियाण्याची पिशवी दाखवून जमिनीचा प्रश्न सुटला असं सांगणाऱ्यांशी आहे. गहू चार महिन्यांत घरी येतो. चोपण झालेली जमीन ताळ्यावर आणायला वर्षानुवर्षं जातात, आणि तो खर्च सल्ला देणारा करत नाही.

असो. पटत नसेल तर खाली भांडायला या, पण येताना माती-पाण्याचा अहवाल घेऊन या!