यादीत नसलेली परंपरा

परवा भाचीच्या लग्नाच्या याद्या झाल्या. पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या मंडळींसाठी सांगतो, याद्या म्हणजे दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून कुणी काय करायचं ते कागदावर उतरवतात. वर श्रीगणेशा, हळदकुंकवाची बोटं, आणि खाली हॉल, जेवण, बस्ता, फर्निचर, डीजे.

हुंडा हा शब्द कुठेच नाही. उलट वरपक्षाचे एक काका म्हणाले, "आम्हाला काही नको. फक्त परंपरेप्रमाणे लग्न करून द्या." किती गोड वाक्य! तळाची बेरीज दाजींच्या दोन वर्षांच्या कांद्याच्या वर गेली.

माझा स्वभाव वाईट. मी विचारलं, "तुमचं देवक कोणतं?" त्यांनी चुलत्यांकडे पाहिलं, चुलत्यांनी गावाकडे फोन लावला, गावाकडच्यांनी उचलला नाही. मांडवात ज्याची पूजा करायची ते कुळाचं चिन्ह कुणाला आठवेना. मानाचे फेटे किती, हे मात्र पोरासोरांना पाठ.

म्हणून विचारतो, परंपरा नेमकी कोणती? संगमनेरहून प्रवरेच्या काठाने वर अकोल्याकडे गेलं की महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्या लागतात. त्यांच्यात देजाची रीत होती, म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायचं. त्याला आपण मागासलेपण म्हणालो. जो पुढारला त्याने देज सोडलं आणि हळूच हुंड्याची दिशा धरली. गावातल्याच मुसलमानांच्या निकाहात मेहर असते, ती नवऱ्याने बायकोला द्यायची. पद्मशाली आणि मारवाडी घरांतले विधी आणखी वेगळे. पण हॉलबाहेरचा टेंपो बघा. तोच पलंग, तेच कपाट, तोच फ्रीज! विधी ज्याचे त्याचे, फ्रीज सगळ्यांचा.

देज म्हणजे काही रामराज्य नव्हतं. ठाणे जिल्ह्यात लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे राबणारे वारली 'लग्नगडी' होते. ती वेठ मोडायला १९४५ चा उठाव लागला. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मिळालं तर वाचा. आणि आपण सुटलो असं समजू नका. आपले लग्नगडी सातबाऱ्यावर बोजा म्हणून नोंदलेले असतात, एवढाच फरक.

कायदा काय मागतो? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात दोघांपैकी कुणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की पुरतं. अनुसूचित जमातींना तर केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय तो लागूच नाही, त्यांच्या रूढी त्यांच्या. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं. इतकं सगळं बदलता येतं, फक्त फर्निचर तेवढं अनादी!

गंमत म्हणजे यादी कायद्यालाही हवी आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. त्याखालच्या १९८५ च्या नियमांत वधू-वरांना मिळालेल्या भेटवस्तूंची यादी करून दोघांनी सही करायची आहे. पण त्या भेटी कुणी न मागता दिलेल्या हव्यात. आमच्या यादीतली कुठली वस्तू या चाळणीतून जाईल?

"आम्ही हौसेने देतो," असं दाजी म्हणतात. (दाजी, तुम्ही हे वाचताय, माहीत आहे.) हौस असेल तर ती यादीत कशाला लिहावी लागते? आणि ती नेहमी मुलीच्याच बापाला कशी होते?

बैठकीत मी एवढंच म्हणालो की मुलीच्या पाठीशी मामा म्हणून उभा राहीन, पण मामाचा फेटा आणि आहेर यादीतून काढा. झालं! ताई दोन दिवस बोलली नाही. भाचीचा मात्र त्याच रात्री मेसेज आला, नुसता एक हसरा चेहरा.

काल ताईचा फोन आला. म्हणाली, "फेट्याचं राहू दे. पण फ्रीज अन् फर्निचरचं तूच बोल त्यांच्याशी, ह्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही."

रविवारी जातोय.