पियाजे पाठ आहे, पण लेकराकडं बघायला वेळ आहे का?

आपल्या परभणीत वसमत रोडच्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघा. टीईटीवाली पोरं-पोरी सकाळपासून घोकत बसलेली असतात. शून्य ते दोन संवेदी-कारक, दोन ते सात पूर्वक्रियात्मक, सात ते अकरा मूर्त क्रियात्मक, त्याच्या पुढं औपचारिक. पियाजे झाला, आता वायगॉट्स्की, मग कोहलबर्ग. पेपर १५० मार्कांचा, त्यातले ३० बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं तर निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी असलेले जुने गुरुजीही याच रांगेत आणून उभे केले.

परीक्षा नको असं माझं म्हणणं नाही. लेकरू कसं शिकतं हे शिक्षकाला माहीत असलंच पाहिजे. माझा प्रश्न एवढाच आहे की, या ३० मार्कांचं पुढं वर्गात काय होतं?

मुळात पियाजेनं काय केलं ते बघा. तरुणपणी पॅरिसमध्ये त्याला मुलांच्या बुद्धिचाचण्यांचं काम मिळालं होतं. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच काम. पण त्याचं लक्ष गेलं चुकांकडं. एका वयाची लेकरं साधारण एकसारखीच चुकतात, म्हणजे त्यांच्या चुकीमागंही काहीतरी विचार आहे, हे त्यानं ओळखलं. पुढं स्वतःच्या तीन मुलांकडं तो वर्षानुवर्षं बघत बसला आणि टिपणं काढली. आणि आपण त्याच माणसाचं काय केलं? चार पर्याय दिले आणि म्हणलं, बरोबर गोल काळा करा!

घरी करून बघा. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्या. एका ग्लासातलं पाणी लेकरासमोर उंच, निमुळत्या बाटलीत ओता. चार-पाच वर्षांचं लेकरू बहुतेक वेळा म्हणेल, बाटलीत जास्त आहे. त्याला रागावून काही होत नाही. त्याला ओतू द्या, सांडू द्या, परत ओतू द्या. हे काम वेळ खातं. आणि वयाचे ते आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. पुढच्या संशोधकांनी दाखवून दिलं की प्रश्न सोपा करून विचारला तर लेकरांना पियाजेला वाटलं त्यापेक्षा लवकर बरंच कळतं. म्हणून तर समोरच्या लेकराकडं बघावं लागतं, नोट्सकडं बघून भागत नाही.

वायगॉट्स्कीचं म्हणणं तर आपल्या आजीलाही पटेल. आज जे लेकरू कुणाच्या तरी मदतीनं करतं, ते उद्या एकटं करतं. हातच्याची वजाबाकी अडली, तर नेमकं कुठं अडलं ते बघून तेवढाच हात द्यायचा आणि मग हात काढून घ्यायचा. पण त्यासाठी शेजारी कुणीतरी बसलेलं पाहिजे ना?

इथंच खरी गोम आहे. चार वर्ग सांभाळणारा एक गुरुजी शेजारी बसणार कुणाच्या? त्यात माहिती भरा, फोटो टाका, सर्व्हे करा, बैठकीला या. शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की पहिली ते पाचवीत ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरी अशैक्षणिक कामं लावायची नाहीत. कलम २९ सांगतं की शिक्षण कृतीतून, शोधातून आणि भीतीशिवाय व्हावं. म्हणजे पियाजे आणि वायगॉट्स्की आपल्या कायद्यातच बसलेत. त्यांना वर्गात येऊ देत नाही ती आपली व्यवस्था.

दहा वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादाची लाट आली होती, आठवतं? साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथल्या शिक्षकांनी लेकरांसोबत कष्टानं काम उभं केलं होतं. बाकीच्यांनी उचलला तो बहुतेक ठिकाणी फरशीवरचा रंग. आकडे रंगवले, अक्षरं रंगवली, फोटो वर पाठवले. दोन पावसाळ्यांत रंग गेला आणि त्याच्यासोबत रचनावादही गेला.

आता आपल्या जिल्ह्याचं दुखणं. दिवाळीच्या आगेमागे गंगाखेड, पालम, सोनपेठकडून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण टोळी गेल्यावर ते सुरू झालं तर लेकरू आधीच फडात पोचलेलं असतं. सात वर्षांचं लेकरू सहा महिने वाढ्याच्या मोळीपाशी, आणि आपण परीक्षेत विचारणार, सांगा, हे कोणत्या अवस्थेत आहे?

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा आदिवासी लेकरं शाळेत येईनात. बाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी उभी राहिली. पुढं कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीनं गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. लेकरू जिथं आहे तिथून सुरुवात करायची, हे या बायांनी करून दाखवलं.

पालकांनो, थोडं आपल्याकडंही बघू. साडेतीन वर्षांच्या लेकराला नर्सरीत चार पानं होमवर्क, आणि नाही दिला तर आपणच शाळेत भांडायला जातो! बोटांत अजून नीट जोर आलेला नसतो, आणि आपण ए टू झेड लिहून मागतो. त्याला माती द्या, खडे द्या, गोष्ट सांगा. लिहील की पुढं.

मागणी फार मोठी नाही. कायद्याप्रमाणं शिक्षक द्या. कलम २७ पाळा. हंगामी वसतिगृह पहिली टोळी निघायच्या आधी सुरू करा. येत्या निवडणुकीत जो कुणी मत मागायला दारात येईल, त्याला तुमच्या गावच्या शाळेत किती वर्गांना किती शिक्षक आहेत ते विचारा. उत्तर आलं नाही तर समजून घ्या.

तुमच्या गावच्या शाळेत काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये लिहा. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर इथंच भांडा.