दोष बोटाचा कीं बटणाचा?

गेल्या जून महिन्यांत, शाळा उघडल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यांत, एक पालक मोठ्या संकोचानें आमच्या कचेरींत आले. पहिल्या सत्राची फी त्यांनीं मोबाइलवरील एका ॲपांतून भरली होती. परंतु ती एकदां न जातां दोनदां गेली होती. प्रथम बटण दाबलें तेव्हां पडद्यावर कांहींच हाललें नाहीं. रंग बदलला नाहीं, कीं एखादें अक्षर उमटलें नाहीं. बटण लागलेंच नाहीं अशा समजुतीनें त्यांनीं तें पुनः दाबलें, आणि थोड्याच वेळांत बँकेचे दोन निरोप पाठोपाठ आले. जास्तीची रक्कम परत मिळण्यास ११ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत घरीं वाण्याचें देणें थकलें व धाकट्या मुलीचीं पुस्तकें घेण्याचें राहिलें. "चूक माझीच, सर, माझ्या बोटाला धीर नाहीं," असें ते खालीं पाहत म्हणाले. त्या शब्दांनीं आम्ही फार अस्वस्थ झालों. चूक त्यांची नव्हती, असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि तें सकारण मांडावें याच हेतूनें आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

भिंतीवरील विजेचें बटण दाबलें म्हणजे खटका वाजतो, तो बोटास जाणवतो व डोळ्यांपुढें दिवा लागतो. एका कृतीची पोच कान, त्वचा व डोळा या तिघांसही मिळते. मोबाइलच्या कांचेवरील बटण हें खरें पाहतां बटणच नव्हे. तें बटणाचें चित्र होय. कांच खालीं दबत नाहीं व वाजतही नाहीं. बोट टेकलें म्हणजे कांचेखालील विद्युत्-जाळींत त्या जागीं किंचित् फरक पडतो, आणि त्यावरून बोट कोठें आहे हें फोन ताडतो. (पावसांत भिजलेल्या कांचेवर फोनाचा हा तर्क चुकतो, हें आपल्यापैकीं बहुतेकांनीं अनुभविलें असेल.) म्हणून येथें खटका, रंग किंवा दिवा आपोआप मिळत नाहीं, ज्यानें प्रोग्रॅम लिहिला त्यानें तो मुद्दाम घडवून आणावा लागतो. त्यानें आळस केला तर कांच मुकी राहते.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं बटण दाबणें ही एकच क्रिया आहे. तसें नाहीं. अँड्रॉइड फोनांत बोट टेकल्याची एक वर्दी येते, तें सरकत असल्यास त्याच्या अनेक वर्द्या येतात, आणि तें उचलल्याची आणखी एक येते. बोट बटणावर टेकून बटणावरच उचललें तर 'क्लिक' झालें असें मानतात. आयफोनवरही साध्या बटणांचा रिवाज हाच आहे. विद्यार्थिमित्रहो, आज घरीं जाऊन प्रयोग करून पाहा. बटणावर बोट ठेवा, पण तें न उचलतां कांचेवरूनच दूर सरकवा व मग उचला. बटण कांहीं करणार नाहीं. ज्यांनीं हा नियम ठरविला त्यांनीं माणसास आपलें मन बदलण्याची सवड ठेविली, याबद्दल आम्हांस त्यांचा आदर वाटतो.

आतां मूळ गाऱ्हाण्याकडे येऊं. आमच्या नववीच्या वर्गानें 'ॲप इन्व्हेंटर' या साधनानें शाळेच्या ग्रंथालयासाठीं एक लहानसें ॲप तयार केलें आहे. या साधनांत रंगीत ठोकळे जुळवून प्रोग्रॅम लिहितात, आणि बटणाच्या क्लिकचा एक स्वतंत्र ठोकळा असतो. क्लिक झाल्यावर जें घडावयाचें तें त्याच्या पोटांत ठेवावें लागतें. 'पुस्तक मागवा' या बटणाच्या ठोकळ्यांत मुलांनीं मागणी पाठविण्याचें काम ठेविलें होतें. दुसरें कांहींच नव्हतें. परिणाम असा झाला कीं, एका मुलाच्या नांवावर एकाच पुस्तकाच्या चार मागण्या नोंदल्या गेल्या. वर्ग त्याला हसला. आम्हीं हसणारांस थांबविलें, व तो ठोकळा सर्वांसमोर उघडावयास सांगितला.

पहिली गोष्ट म्हणजे पोच. रॉबर्ट मिलर यांनीं १९६८ सालीं संगणकाच्या प्रतिसादास किती वेळ लागावा याविषयीं एक निबंध लिहिला. कळ दाबल्याची खूण सुमारें एक दशांश सेकंदांत मिळावी, असें त्यांत त्यांचें म्हणणें होतें. काम पुरें होण्यास वेळ लागो, पण 'तुमचें म्हणणें पोहोंचलें' हें लगेच कळावयास हवें. हें बहुधा कां बिघडतें? अँड्रॉइडमध्यें पडदा रंगविणें व बोटाची वर्दी ऐकणें हीं दोन्ही कामें एकाच मुख्य धाग्यावर चालतात. कचेरीच्या खिडकीवर एकच कारकून बसला आहे अशी कल्पना करा. अर्ज घेऊन तो स्वतःच दप्तरखान्यांत जुने कागद शोधावयास गेला, तर खिडकी ओस पडते व रांगेंतील माणसें खिडकी ठोठावूं लागतात. प्रोग्रॅम लिहिणारानें लांबलचक काम मुख्य धाग्यावर टाकलें म्हणजे हेंच होतें; बोटाच्या वर्दीस ५ सेकंदांत उत्तर न मिळाल्यास 'ॲप प्रतिसाद देत नाहीं' असा निरोप फोनच दाखवितो. काम आंतल्या माणसाकडे सोंपवून कारकुनानें खिडकीवरच बसावें, हा त्यावर उपाय.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पहिल्या दाबानंतर बटण निष्क्रिय करावें, हें मुलांनीं लगेच सुचविलें, व तें योग्यच आहे. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. हुकूम सर्व्हरपर्यंत पोहोंचला, पैसे वळते झाले, आणि परतीचें उत्तर मात्र वाटेंत हरवलें, असें घडलें तर? गांवाकडच्या अशक्त सिग्नलवर हें वारंवार घडतें. माणूस कंटाळून ॲप बंद करतो, पुनः उघडतो. बटण पुनः ताजें होऊन समोर उभें! यासाठीं प्रत्येक व्यवहारास पहिल्या हुकुमापूर्वींच एक क्रमांक द्यावा, तो जपून ठेवावा, आणि हुकूम कितीही वेळां पाठविला तरी त्याबरोबर तोच क्रमांक जावा. सर्व्हरनें तो क्रमांक पूर्वीं पाहिला असेल, तर काम पुनः न करितां पहिलेंच उत्तर परत द्यावें. एवढी काळजी घेतली असती तर त्या पालकांनीं दहा वेळां बटण दाबलें असतें तरी फी एकदांच गेली असती.

आमचे एक सहकारी म्हणतात कीं, हल्लींच्या लोकांना धीरच उरला नाहीं, आणि यंत्रानें त्यांचे लाड कां करावे? त्यांना आम्ही लिफ्टकडे बोट दाखवितों. लिफ्टचें बटण लोक अधीरतेनें चार-चार वेळां दाबतात. पण तें बटण पहिल्याच दाबास उजळतें, आणि लिफ्ट त्या मजल्यावर थांबते ती एकदांच. हे लाड नव्हेत. लिफ्ट बांधणारास माणसाचा स्वभाव ठाऊक होता, इतकेंच.

बटण बोटाच्या मानानें पुरेसें मोठें असावें, हें तर उघडच आहे. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनांत त्याची बाजू सुमारें ९ मिलिमीटर सांगितली आहे. परंतु ज्यांस डोळ्यांनीं दिसत नाहीं त्यांचें काय? 'टॉकबॅक' ही सोय चालू असतां फोन बोटाखालील बटणाचें नांव उच्चारतो, व पडद्यावर दोनदां टकटक केली म्हणजे एक क्लिक होतें. ज्या प्रोग्रॅमनें क्लिककडे लक्ष न देतां केवळ बोटाच्या स्पर्शाची वर्दी ऐकण्याचें ठरविलें, त्याला या मंडळींचें क्लिक ऐकूंच येत नाहीं असें होऊं शकतें. आणि बटणास नांवच दिलें नसेल, तर कशावर टकटक करावी हें त्यांना कळावें कसें? वर्गांत हें सांगितलें तेव्हां आमच्याच ग्रंथालयाच्या ॲपांत भिंगाचें चित्र असलेलें एक बटण बिननांवाचें निघालें.

दिवाळीपूर्वीं नववींतील एका मुलीनें ते ठोकळे पुनः जुळविले. आतां बटण दाबतांच तें करडें होतें व त्यावर 'मागणी पाठविली, थांबा' अशीं अक्षरें येतात. मागणीस क्रमांक मिळतो, आणि भिंगाच्या बटणास 'शोधा' हें नांव मिळालें आहे. चार मागण्या नोंदविणाऱ्या त्या मुलालाच तिनें परीक्षक नेमलें. त्यानें अर्धी मधली सुट्टी बटण बडवून पाहिलें. नोंद एकच झाली.

त्या पालकांनीं दुसऱ्या सत्राची फी मात्र कचेरींत रोख आणून भरली, आणि पावती दोनदां वाचून मगच खिशांत घातली.